संध्याकाळचा कागद

(नाशिकच्या सिडकोतली गल्ली. रविवार सकाळ.)

इतर दिवशी या गल्लीत कुणी भेटत नाही. अर्धी माणसं अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला, उरलेली तिसरी पाळी करून झोपलेली. म्हणून माजी आमदार रविवारी निघतात. सोबत दोन पोरं, काखेत मतदार यादीचा एक भाग, कानावर पेन्सिल. गाडी नाही, गळ्यात पट्टा नाही.

दोन खोल्यांच्या एका घरावर अकरा नावं आहेत, आडनावं चार. घरमालकीण बोटं मोडत सांगते: हे नांदगावला परत गेले, ही लग्न होऊन गेली, हे आजोबा वारले, आणि हे दोघं आता सातपूरला राहतात.

बोगस म्हणून ओरडायला किती सोपं! पण यातलं एकही माणूस खोटं नाही. कारखान्यामागे आलेला माणूस भाड्याची खोली बदलत राहतो. पत्ता बदलला की फॉर्म ८ भरायचा. तो भरतो नव्या मतदाराचा फॉर्म ६. जुनं नाव जुन्या दारावर तसंच. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची १७ आणि १८ ही कलमं सांगतात, एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी. ती कलमं या गल्लीपर्यंत पोचलेली नाहीत.

नाव काढायला फॉर्म ७ आहे. पण गठ्ठ्यानं फॉर्म ७ भरायला साहेबांचा नकार. चुकून जिवंत माणसाचं नाव उडालं, तर त्याला ते मतदानाच्या दिवशी रांगेत कळतं. आधी दार वाजवायचं, मग फॉर्म. हा हट्ट त्यांच्याच पक्षात फारसा कुणाला रुचत नाही.

आमदार असताना यादी अशी वाचली होती? "नाही. निवडून आलो होतो ना, कशाला वाचतोय!" हरल्यावर वाचायला घेतली, हे ते लपवत नाहीत.

(संध्याकाळ. ओट्यावर सतरंजी, पोलिंग एजंट होणारी, म्हणजे मतदान केंद्रात उमेदवारातर्फे बसणारी पोरं.)

मतदान यंत्राचा विषय निघतोच. मतदान सुरू व्हायच्या ९० मिनिटं आधी मॉक पोल, म्हणजे एजंटांसमोर यंत्राची चाचणी, त्यात किमान ५० मतं. मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात; सगळ्याच पडताळा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. साहेबांना तो निकाल पटलेला नाही. पण पोरांपुढे ते त्यावर दोन मिनिटंही घालवत नाहीत. ते एकच कागद वर धरतात. नमुना १७ सी.

मतदान संपलं, क्लोजचं बटण दाबलं, की यंत्रात किती मतं पडली ते केंद्राध्यक्ष या कागदावर लिहितात आणि सही करून हजर एजंटांना प्रत देतात. १९६१ च्या निवडणूक नियमांतच तसं आहे. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा आकडा याच कागदाशी जुळवायचा.

"मागच्या वेळी सहा वाजता कुठं होतास रे?"

पोरगं मान खाली घालून हसतं. साडेचारला जेवायला गेलं होतं, परत आलंच नाही.

साहेब प्लास्टिकची पिशवी सतरंजीवर उपडी करतात. त्यांच्या पडलेल्या निवडणुकीचे १७ सी. जेमतेम वीस असतील. बूथ तीनशेच्या वर होते.

मग एक कोरी झेरॉक्स पोराकडे सरकते, आणि कानावरची पेन्सिल.

"भर. यंत्राचा नंबर आधी."