दोन मात्रांच्या मधलं गाणं

मित्रहो, आज स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत रेगे आणि रॉक कसे एकत्र आले ते ऐकू. आधी एक करून पाहू. मनात एक-दोन-तीन-चार मोजा. एक आणि तीनवर पाय टाका, दोन आणि चारवर टाळी द्या. पाय घट्ट, टाळी हलकी. थोड्या वेळात मान आपोआप डोलायला लागेल. रेगे या संगीतप्रकारातली गिटार या टाळीच्या जागी वाजते. आणि ड्रमवाला? जुन्या धाटणीच्या रेगेत तो पहिली मात्रा चक्क रिकामी सोडतो आणि सगळा भार तिसरीवर टाकतो. आपण समेची वाट पाहणारी माणसं. सम आली की आपली दाद जाते. इथे समेच्या जागीच मोकळीक आहे, आणि त्या मोकळ्या जागेत बास गिटार संथपणे गाते.

हा ठेका जमैकाचा, 1960च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत घडलेला. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत तो परका राहिला नाही, त्याचं कारण तिथल्या मातीतच आहे. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरची कुंबिया ऐका. तिच्यात ‘यामादोर’ नावाचा एक लहान ढोल असतो. मात्रा पडून गेली की मधल्या जागेत थाप द्यायची, एवढंच त्याचं काम. गाणं संपेपर्यंत तो तेच करतो. कुंबियावर नाचत मोठ्या झालेल्या माणसाच्या अंगात रेगेची जागा आधीपासून तयार होती. दोन्ही संगीतांत गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांचे ढोल वाजताहेत.

पण ठेका जुळला म्हणून संगीत एवढं जिवाला लागत नाही. त्यासाठी अर्जेंटिनात जावं लागेल. 1976 ते 1983 तिथे लष्करी राजवट होती. हजारो माणसं घरांतून, रस्त्यांवरून उचलली गेली आणि परत आली नाहीत. मानवाधिकार संघटना हा आकडा 30,000 सांगतात. 1982 साली मालविनास बेटांवरून, म्हणजेच फॉकलंडवरून, ब्रिटनशी युद्ध झालं आणि रेडिओवरून इंग्रजी गाणी हद्दपार झाली. त्या काळात बुएनोस आयरेसच्या लहानसहान बारमध्ये ‘सुमो’ नावाचा बँड रेगे आणि पंक, म्हणजे वेगवान, रागीट रॉक, वाजवत होता, तोही बहुतेक इंग्रजीत! गायक लुका प्रोदान हा रोममध्ये जन्मलेला, स्कॉटलंडच्या शाळेत शिकलेला इटालियन. हेरॉइनच्या व्यसनातून सुटायला अर्जेंटिनात आला होता. बँडची पहिली ड्रमर इंग्लंडची, तिला युद्धामुळे मायदेशी परतावं लागलं. लुका 1987 साली, वयाच्या 34व्या वर्षी गेला. पण रॉकच्या रागाला रेगेची सैल चाल शोभते, हे तो दाखवून गेला होता.

तोवर लोकशाही परतली होती आणि नवी पोरं पुढे आली होती. त्यांतला माझा सर्वांत आवडता बँड म्हणजे ‘लोस फाबुलोसोस कॅडिलॅक्स’. स्का (रेगेच्या आधीचं जमैकन संगीत), रेगे, साल्सा (लॅटिन नाचाचं संगीत), पंक, सगळं एकाच मंचावर, पुढे ट्रम्पेट-सॅक्सोफोनची रांग. त्यांचं 1993चं ‘मातादोर’ तुम्ही ऐकलं नसेल तर आज घरी गेल्यावर ऐका. सुरुवातीलाच ब्राझीलच्या कार्निव्हलमधल्यासारखे ढोल कडाडतात. बसून राहणं अशक्य होतं. शब्द कळले की मात्र अंगावर काटा येतो. वस्तीत लपलेल्या, पोलिसांनी घेरलेल्या एका बंडखोराची ही कहाणी. शेवटाकडे त्यात व्हिक्टर हारा यांचं नाव येतं. 1973च्या सत्तापालटानंतर चिलीच्या लष्कराने ठार मारलेले ते गायक. आता हे गाणं कधी आलं ते पाहा. 1990च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी शिक्षा झालेल्या लष्करशहांना माफी दिली होती. ज्यांनी माणसं गायब केली ते मोकळे हिंडत होते, आणि लग्नाच्या मांडवापासून फुटबॉलच्या मैदानापर्यंत लोक या गाण्यावर नाचत होते. शोकसभेत जे नाव दबक्या आवाजात घेतलं गेलं असतं, ते इथे हजारो तरुण उड्या मारत ओरडत होते. मला या संगीताची सगळी ताकद इथे दिसते: आधी शरीर होकार देतं, मग शब्द आत शिरतात, आणि शिरले की बाहेर पडत नाहीत. याच बँडला 1998 साली लॅटिन रॉकचं पहिलं ग्रॅमी मिळालं, पण ‘मातादोर’ची थोरवी त्याच्या कितीतरी आधी ठरून गेली होती.

मेक्सिको सिटीत ‘मालदिता वेसिनदाद’ या बँडने हेच आपल्या चाळवस्तीच्या रंगात केलं. युरोपात गायक मानू चाओ. पॅरिसमध्ये जन्मलेला, स्पेनमधल्या गॅलिसियाहून आलेल्या लेखक-पत्रकाराचा मुलगा. 1992 साली ‘मानो नेग्रा’ हा त्याचा बँड जहाजातून लॅटिन अमेरिकेच्या बंदराबंदरांत वाजवत फिरला. बँड फुटल्यावर भटकंतीत त्याने केलेला ‘क्लान्देस्तिनो’ हा अल्बम 1998 साली आला. कागदपत्रांवाचून सीमा ओलांडणाऱ्या माणसाची व्यथा त्यात आहे, आणि चाल अशी साधी की पोरंसोरंही गुणगुणतील.

या संगीताचं एक पोकळ रूपही आहे, तेही सांगतो. रेगेची खूण झालेला हिरवा-पिवळा-लाल पट्टा, समुद्रकिनारा, जमैकन रेगेगायक बॉब मार्लीचं चित्र, आणि गाण्यात काहीच नाही. असे बँड खूप आहेत. ठेका उचलला पण ज्यांनी तो सोसून घडवला त्यांची आठवण ठेवली नाही, की असंच होतं.

आणि आठवण ठेवायची तर पनामाचीही हवी. 1904 ते 1914 या काळात अमेरिकेने कालवा खोदला, तेव्हा जमैका-बार्बाडोसहून हजारो कृष्णवर्णीय मजूर तिथे नेले. त्यांच्या वंशजांनी जमैकन ठेक्यांवर स्पॅनिश शब्द बांधले. ‘एल हेनेराल’ हा त्यांतलाच गायक. आजचा रेगेटोन हा नाचाच्या गाण्यांचा प्रकार याच वाटेने आला. रॉकच्या इतिहासात या पनामाच्या गायकांना अजून पुरेसा मान मिळालेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता थोडं ऐकू या. पोर्तो रिकोच्या ‘कुल्तुरा प्रोफेतिका’ या रेगे बँडचा पहिला अल्बम लावतो, तो त्यांनी किंग्स्टनला जाऊन, टफ गाँग स्टुडिओत मुद्रित केला. शब्दांकडे लगेच जाऊ नका, आधी बास पकडा.