निळं टोपण, जांभळं टोपण

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'आनुवंशिक रक्तविकार: गोव्यात तज्ज्ञ कसा शोधावा'. सभागृह साडेसातला रिकामं करायचंय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. पण तज्ज्ञाकडे जाण्याआधी थोडा वेळ रक्ताच्या नळीपाशी थांबणार आहे, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'बेळगावात चांगला कोण? मुंबईत कोणाला दाखवू?' नाव मिळतं, रजा काढली जाते, कोकण रेल्वेचं तिकीटही मिळतं. तिथे डॉक्टर फाईल उघडतात आणि म्हणतात, तपासणी पुन्हा करावी लागेल. डॉक्टर उत्तम असतो, पण मुळात नमुनाच बिघडलेला असतो.

रक्त काढताना टेबलावरच्या नळ्यांची टोपणं बघा. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू न देणारं रसायन. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, त्यातूनच होते आणि थॅलेसेमिया, सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठीची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणीही. एचपीएलसीचं हे रक्त फ्रीजमधल्या तापमानात काही दिवस टिकतं, मुंबईपर्यंत खुशाल प्रवास करतं. निळ्या टोपणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं. रक्त गोठण्याच्या तपासण्या या नळीतून होतात: पीटी आणि एपीटीटी, म्हणजे गोठायला लागणारा वेळ, आणि फॅक्टर आठ, फॅक्टर नऊ, म्हणजे गोठवणारी प्रथिनं. हे रक्त प्रवास करत नाही. फॅक्टर आठची तपासणी साधारण चार तासांच्या आत व्हायला हवी. नाहीतर तेवढ्या वेळात प्लाझ्मा वेगळा करून गोठवायला हवा.

माझं सगळं म्हणणं यातूनच निघतं. थॅलेसेमियाची शंका असेल तर तुम्ही काणकोणला घरी बसा, रक्ताला मुंबईला पाठवा. हिमोफिलियाची किंवा फॉन विलेब्रांडची, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजारांची, शंका असेल तर रक्ताला घरी ठेवा, म्हणजे तुमच्या अंगातच ठेवा, आणि स्वतः लॅबपर्यंत जा. 'जवळचा तज्ज्ञ' याचा अर्थ आजारागणिक बदलतो.

निळ्या नळीबद्दल आणखी सांगतो. ३ मिलीच्या नळीत ०.३ मिली सायट्रेट आणि २.७ मिली रक्त, म्हणजे नऊला एक. नळीवर खूण असते, तिथपर्यंत रक्त यायलाच हवं. लहान मूल रडतं, हात हिसकतं, दीड मिली मिळालं की 'चालेल' म्हणून सुई काढतात. सायट्रेट जास्त, रक्त कमी, मग एपीटीटी खोटंच लांबतं. त्या एका आकड्यावर घरात हिमोफिलिया शिरतो आणि आजीपासून सगळे आईच्या माहेराकडे बोट दाखवायला लागतात! पुन्हा नीट रक्त घेतलं की आकडा सरळ. खोट्या रिपोर्टाचा आणखी एक प्रकार असतो. कलेक्शन सेंटरवाले काळजीपोटी निळी नळी बर्फात ठेवून संध्याकाळच्या विमानाने पाठवतात. प्लाझ्मा वेगळा न केलेलं, अख्खं रक्त थंडीत ठेवलं की फॅक्टर आठ आणि फॉन विलेब्रांड नावाचं प्रथिन दोन्ही खाली येतात. बाईला फॉन विलेब्रांडचा आजार नसतो, रिपोर्टात असतो. म्हणून सेंटरवर विचारा, 'ही तपासणी इथेच होते की बाहेर जाते? जात असेल तर प्लाझ्मा वेगळा करून, गोठवून पाठवता का?' उत्तर गोलमाल आलं तर पैसे देऊ नका.

आता जांभळ्या नळीचं माझं जुनं दुखणं. सर्वांत साध्या, स्वस्त सीबीसीत उत्तर बसलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. समजा एका मुलीच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन १०.८, लाल पेशी ५.८, एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, ६०. हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या. तीन महिन्यांनी पुन्हा १०.८, पुन्हा गोळ्या. पण एमसीव्हीला लाल पेशींनी भागा, ६० भागिले ५.८, जेमतेम १०. हा भागाकार १३च्या खाली आला की थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आल्याची, शंका घ्यायची. दुसरीचं हिमोग्लोबिन ८.५, लाल पेशी ३.९, एमसीव्ही ७०. भागाकार १८च्या आसपास, इथे लोहाची कमतरता जास्त संभवते. हा भागाकार निदान नव्हे, पुढच्या तपासणीचं दार आहे. पुढे फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहसाठ्याची तपासणी, आणि एचपीएलसी. त्यात एचबी ए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर गेला तर बहुधा मायनर. लोह फारच कमी असेल तर ए२ खोटंच खाली राहतं, म्हणून आधी लोह भरून काढून मग पुन्हा बघतात. आणि मायनर असलेल्यांनाही लोहाची कमतरता होते, विशेषतः गरोदरपणी. गोळ्या फेरिटिन बघितल्याशिवाय मनाने सुरूही करू नका, बंदही करू नका.

गरोदर बाईला मायनर निघालं तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात. दोघेही मायनर असतील तर प्रत्येक बाळंतपणात मेजरची, म्हणजे गंभीर आजाराची, शक्यता २५ टक्के, आणि गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून होऊ शकते. ओटीभरणापर्यंत थांबायचं नाही.

मागून प्रश्न आलाय, रक्त चढवून झालं असेल तर? फार योग्य प्रश्न. मग एचपीएलसीत दात्याचं रक्त मिसळलेलं असतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेव्हा तीन-चार महिने थांबावं लागतं. म्हणून पहिली पिशवी लावण्याआधी नर्सबाईंना विनंती करा, दोन जांभळ्या नळ्या काढून ठेवा.

दहाच मिनिटं उरलीत आणि मुख्य विषय राहिलाय. भराभर सांगतो.

रिपोर्टवर सही करणारे असतात पॅथॉलॉजीचे एमडी. रक्तपेढीतले डॉक्टर वेगळे. उपचार ठरवणारा क्लिनिकल हिमॅटॉलॉजीचा, म्हणजे रक्ताच्या आजारांचा, डीएम असतो. काहींचा मुख्य भर रक्ताच्या कर्करोगावर असतो, तेव्हा फोनवर विचारा, 'हिमोफिलियाचे किंवा थॅलेसेमियाचे रुग्ण तुम्ही नियमित बघता का?' मुलासाठी बालरुग्णांचा हिमॅटॉलॉजिस्ट मिळाला तर तोच. नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे पडताळून घ्या.

सुरुवात बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, मेडिसिन किंवा बालरोग ओपीडीतून करा. म्हापसा, मडगावच्या जिल्हा रुग्णालयांतून चिठ्ठी घेऊन गेलात तर सोपं जातं. जनुकांपर्यंतची तपासणी लागली तर मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एनआयआयएच ही याच कामाची संस्था आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड जवळ ठेवा आणि काय बसतं ते आधीच विचारा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल तिन्ही आहेत, तेव्हा यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज करा.

बाहेरगावच्या तज्ज्ञाकडे वर्षातून एक-दोनदा जाल, रात्री दोनला मात्र गावच्या डॉक्टरकडेच धावाल. म्हणून तज्ज्ञाकडून एक पानाचं पत्र मागाच. आजाराचं पूर्ण नाव, फॅक्टरची टक्केवारी, वजन, डोस. २० किलोच्या मुलाचा फॅक्टर आठ ५० टक्क्यांनी वाढवायचा तर २० गुणिले ५०, भागिले २, म्हणजे ५०० युनिट. फॅक्टर नऊला दोनने भागत नाहीत, तिथे साधारण १०००. हिमोफिलिया असेल तर त्यात ठळक लिहून घ्या: ॲस्पिरिन नको, स्नायूत इंजेक्शन नको, डोक्याला मार लागला तर स्कॅनची वाट न बघता आधी फॅक्टर. फॅक्टर कुठल्या फार्मसीत, कुठल्या कॅज्युअल्टीत रात्रीही मिळतो हे आजारपण नसताना जाऊन विचारून या आणि पत्राच्या मागे लिहा. एक प्रत घरी, एक शाळेत, एक मुलाच्या दप्तरात. वजन वाढलं की डोस बदलतो, तेव्हा दर सहा महिन्यांनी पत्र नवं करून घ्या.