बापाच्या नजरेची वाटणी

मंडळी, भावाभावांच्या भांडणावर बोलायला बेळगावच्या पश्चिम भागात येणं म्हणजे धो-धो पावसाच्या कणकुंबीला पाण्याचा तांब्या घेऊन जाणं. बांध दोन वीत सरकला म्हणून वर्षानुवर्षं तारखा घेणारे इथं समोरच बसलेत. हसू नका, मीही त्यातलाच. जमिनीचा उतारा कानडीत, तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि वाचणाऱ्यावरही संशय घ्यायचा!

आज बोलायचं आहे ते जॉन स्टाइनबेकच्या ‘ईस्ट ऑफ ईडन’बद्दल. कादंबरी 1952 सालची. लेखक कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात वाढला, कादंबरीचा बराचसा भाग तिथंच घडतो. सुरुवातीची पानं नुसती माती, गवत, नदी आणि दुष्काळ यांवर आहेत. चांगला पाऊस झाला की लोक दुष्काळ विसरतात आणि दुष्काळ पडला की चांगली वर्षं, असं तो लिहितो. हा माणूस खानापूर तालुक्यात येऊन गेला होता की काय, असं मला वाटलं.

मी पुस्तक हातात घेतलं ते वाटणीची गोष्ट असेल म्हणून. पण जमिनीवरून भांडण असं नाहीच त्यात. चार्ल्स आणि अ‍ॅडम हे सावत्र भाऊ. वडिलांच्या वाढदिवसाला चार्ल्स लाकडं फोडून मिळवलेल्या पैशांतून भारी चाकू आणतो. अ‍ॅडम कुठलंसं भटकं कुत्र्याचं पिल्लू उचलून आणतो. वडिलांना लळा लागतो पिल्लाचा. चाकू कुठं गेला, कुणाला ठाऊक! मग एका रात्री चार्ल्स भावाला मरेस्तोवर बडवतो. वर कुऱ्हाड घेऊन पुन्हा शोधत येतो.

यामागं बायबलातली केन आणि एबल या भावांची कथा आहे; तिच्यात केन एबलला ठार मारतो. केन शेतकरी, एबल मेंढपाळ. दोघं देवाला आपापलं काही वाहतात आणि देव शेतकऱ्याचं नाकारतो. का, ते सांगत नाही. पीक कसं का असेना, घाम गाळून आणलेलं होतं ना? मला तरी त्या देवाचा राग येतो.

पुढच्या पिढीत अ‍ॅडम स्वतः बाप होतो. लेट्यूसचा पाला बर्फात घालून रेल्वेनं पूर्वेकडं पाठवायचा त्याचा बेत. गाडी वाटेत रखडते, बर्फ वितळतो, माल कुजतो. चोर्ला घाटात अडकलेल्या टेम्पोतली कोथिंबीर ज्यांनी पाहिली असेल त्यांना जास्त सांगायला नको. बापाचं नुकसान भरून द्यावं म्हणून त्याचा मुलगा कॅल पहिल्या महायुद्धात बीन्सच्या, म्हणजे आपल्या वाळल्या घेवड्यासारख्या कडधान्याच्या, व्यापारात पडतो आणि 15,000 डॉलर बापापुढं ठेवतो. बाप म्हणतो, शेतकऱ्यांना लुबाडून मिळवलेले हे पैसे मला नकोत. बाप चुकीचं बोलत नाही, आणि हेच वाईट. त्याच रात्री कॅल भावाला, अ‍ॅरनला, त्यांच्या आईचं गुपित दाखवतो: मेली म्हणून सांगितलेली आई जिवंत आहे आणि कुंटणखाना चालवते. अ‍ॅरन सैन्यात जातो, मारला जातो.

या सगळ्यात मला जवळचा वाटला तो ली, घरातला चिनी स्वयंपाकी. बायबलातल्या एका हिब्रू शब्दासाठी तो वर्षं घालवतो. ‘तिमशेल’. (हिब्रू जाणणारे म्हणतात, खरा उच्चार तिमशोल.) देव केनला पापाबद्दल नेमकं काय म्हणाला? ‘जिंक’ म्हणाला तर हुकूम झाला. ‘जिंकशील’ म्हणाला तर भविष्य. ली म्हणतो, तो म्हणाला ‘तुला जिंकता येईल’. ठरवायचं केननं.

शेवटी बाप अंथरुणावर, तोंडातून शब्द फुटत नाही. पोराला आशीर्वाद द्या म्हणून लीच त्याला विनवतो. त्या घरात आई नाही, म्हणून हे काम स्वयंपाक्याच्या वाट्याला.

आमच्या घरी ते आत्यानं केलं. पहिल्या पगारात मी खडेबाजारातून अप्पांना कोट आणला होता. “कशाला पैसे घातलास?” एवढंच म्हणाले आणि धाकट्यानं काढलेली रताळी बघायला अंगणात गेले. कोट खुंटीला. चार महिन्यांनी आत्या माहेरपणाला आली, कोट पाहिला आणि कडाडली, “पोरानं आणलाय, एकदा अंगात घाल की रे!”

अप्पांनी घातला. दिवसभर काढला नाही. वैशाख होता.