सुईच्या बदल्यात सुई

नमस्कार श्रोतेहो.

नशेची सुई टोचून घेणाऱ्याला जुनी सुई घेऊन सरकारी खर्चाने नवी सुई द्यायची म्हटले, की ‘ही तर गर्दुल्ल्यांना मोकळीकच झाली’ असे आपल्याकडे लगेच म्हटले जाते. ही शंका रास्त आहे, पण सुईत घडते काय, ते आधी पाहू.

सुई शिरेत गेली का, हे पाहण्यासाठी नशा करणारा दट्ट्या जरा मागे ओढतो, तेव्हा सिरिंजमध्ये रक्त येते आणि पाण्याने खंगाळल्यावरही त्याचा अंश सुईच्या बुडाशी उरतो. तीच सिरिंज दुसऱ्याने वापरली, की एचआयव्हीचा किंवा ब आणि क प्रकारच्या काविळीचा विषाणू थेट त्याच्या रक्तात उतरू शकतो. ‘क’ काविळीचा विषाणू तर अशा सिरिंजमध्ये कित्येक आठवडे तग धरतो. पुढे एचआयव्ही त्याच्या बायकोपर्यंत आणि तिच्या पोटातल्या बाळापर्यंतही पोहोचू शकतो. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, भुसावळला चहूकडच्या गाड्या थांबतात. अशा आपल्या खान्देशात आजार एका गल्लीपुरता राहील, असे मानण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या स्कॉट परगण्यात, जेमतेम चोवीस हजारांच्या वस्तीत, २०१५ च्या सुमारास नशेच्या सुया एकमेकांत वापरल्याने दोनशेच्या आसपास लोकांना एचआयव्हीची लागण झाली. तिथे सुया बदलून देण्यास कायद्याची आडकाठी होती, ती सरकारला घाईघाईने दूर करावी लागली.

आता मोकळिकीची शंका. सुया बदलून देणाऱ्या केंद्रांमुळे नशा वाढल्याचे पाहण्यांत आढळलेले नाही. उलट तिथे येणारे लोक व्यसनमुक्तीच्या उपचारांकडे अधिक वळतात. त्याचे कारण साधे आहे. पोलीस आणि नातलग या दोघांनाही चुकवणारा माणूस सुईसाठी का होईना केंद्राची पायरी चढतो, आणि तिथला कार्यकर्ता, जो पुष्कळदा स्वतः नशेतून बाहेर पडलेला असतो, त्याच्याशी तपासणीबद्दल आणि नशेची तलफ शमवणाऱ्या, जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीबद्दल बोलतो. शिवाय जुनी सुई जाड डब्यात परत येते. ती उकिरड्यावर पडली असती, तर पहाटे झाडू मारणाऱ्या सफाई कामगार बाईच्या हातात रुतली असती, आणि त्या बाईचा यात काय दोष?

आपल्या देशात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुया बदलून देण्याची सोय आहे, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा कामाला संरक्षण दिले आहे. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते, ‘क’ काविळीचे औषधही सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळते. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक फिरवावा, फोन करणाऱ्याचे नाव गुप्त राहते.