काळोखातली लुकलुक

मंडळी, नमस्कार. सकाळपासून पाऊस धरून बसलाय, गाड्या उशिराने धावताहेत, तरी दादरचा हा हॉल भरलाय. म्हणजे अंधारात गेम खेळताना ओलेड पडदा लुकलुकण्याचा हा त्रास माझ्या भाच्याला एकट्यालाच नाही. माझं काम अंधेरीला, एडिटिंग स्टुडिओंमधले मॉनिटर कॅलिब्रेट करण्याचं. रंग आणि उजेड जागेवर आणून द्यायचे, एवढंच. गेमिंगकडे वळलो तो भाच्यामुळे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

तो गोरेगावला राहतो, वन-बीएचकेमध्ये. धाकटी बहीण त्याच खोलीत झोपते, त्यामुळे रात्री अकरानंतर दिवा बंद करून, कानाला हेडफोन लावून खेळायचं असा घरातला करार. पहिल्या वर्षभराच्या पगारातून पैसे साठवून त्याने लॅमिंग्टन रोडवरून 27 इंची ओलेड मॉनिटर आणला, 240 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 240 वेळा चित्र नवं करणारा. चौथ्या दिवशी फोन. "मामा, स्क्रीन लुकलुकतेय. बाहेर उन्हात असलो की ठीक असतं, गुहेत शिरलो की भिंती थरथरतात." त्याला वाटलं व्होल्टेज वरखाली होतंय, म्हणून स्टॅबिलायझर आणला. मग केबल बदलली. मग खोका टॅक्सीत घालून मॉनिटर दुकानात नेला. तिथे सहा ट्यूबलाइटच्या उजेडात मॉनिटर सुरू केला, काहीच दिसलं नाही. दुकानदार म्हणाला पीस ओके आहे, आणि पोरगं खोका घेऊन परत आलं.

रविवारी रात्री मी गेलो. दिवा बंद केला, गेम लोड व्हायला लावला. काळसर राखाडी पडदा, कोपऱ्यात फिरणारं छोटं वर्तुळ. आणि तो राखाडी रंग श्वास घेत होता. उजळ, मंद, उजळ, मंद, सेकंदाला सात-आठ वेळा. कोपऱ्यात मी फ्रेमचा काउंटर लावला होता, म्हणजे गेम सेकंदाला किती चित्रं तयार करतो ते दाखवणारा. तो 38, 71, 44, 120, 52 असा नाचत होता. मी उठून दिवा लावला. लुकलुक जवळजवळ दिसेनाशी झाली. पुन्हा मालवला, पुन्हा आली. मॉनिटर खरोखरच ओके होता आणि पोराची तक्रारही शंभर टक्के खरी होती. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल, ते आज सांगायचंय.

आधी व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजे व्हीआरआर. साधा मॉनिटर लोकलसारखा चालतो. 9.12 ची गाडी 9.12 ला सुटणार, तुम्ही जिन्यात असलात तरी. गेमची चित्रं तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची फ्रेम अधेमधे आली तर पडद्याचा वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा, म्हणजे चित्र मध्येच फाटतं. पुढच्या गाडीसाठी थांबायचं ठरवलं, म्हणजे व्ही-सिंक लावलं, तर हालचाल अडखळते. व्हीआरआरमध्ये मॉनिटर बेस्टच्या कंडक्टरसारखा वागतो. प्रवासी आत चढला की मगच डबल बेल. फ्रेम तयार झाली की तेव्हाच पडदा नवा होतो. 2013 मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने जी-सिंक आणलं, 2014 मध्ये पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक हे खुलं मानक दिलं, 2017 च्या एचडीएमआय 2.1 या जोडणीच्या मानकातून व्हीआरआर टीव्हीपर्यंत आलं. हे सगळं एलसीडीच्या काळात घडलं. डेस्कवरचे ओलेड गेमिंग मॉनिटर खऱ्या अर्थाने बाजारात आले ते 2022 पासून, आणि तेव्हा हे दोन संसार एकत्र नांदायला लागले.

आता पिक्सेलच्या आत डोकावू. एलसीडीमध्ये मागे दिवा असतो, पिक्सेल नुसती खिडकी. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच दिवा. त्या दिव्यामागे करंट सोडणारा नळ, म्हणजे एक ट्रान्झिस्टर, आणि त्या ट्रान्झिस्टरला किती उघडायचं हे सांगणारा इवलासा कपॅसिटर. हा कपॅसिटर म्हणजे बारीक गळणारी बादली समजा. दर रिफ्रेशला ती भरली जाते, आणि पुढच्या रिफ्रेशपर्यंत आहे त्या पाण्यावर दिवा जळतो. 240 हर्ट्झला बादली दर 4.17 मिलिसेकंदांनी भरते. 48 हर्ट्झला जवळजवळ 21 मिलिसेकंद वाट बघावी लागते. गळती तीच, पण गळायला पाचपट वेळ. शिवाय बादली भरली जाते त्या क्षणी पिक्सेलचा उजेड किंचित खाली जाऊन परत वर येतो. सेकंदाला असे 240 खड्डे पडले आणि 50 पडले, तर सरासरी उजेड सारखा कसा राहील? काही पॅनेलवर कमी हर्ट्झला राखाडी उजळतो, काहींवर उतरतो. दिशा वेगवेगळी, मूळ एकच.

मग गुहेतच का? कारण गडद छटांमध्ये तो ट्रान्झिस्टर जेमतेम उघडा असतो, आणि तिथे व्होल्टेज केसभर सरकलं तरी करंट कितीतरी पटीने बदलतो. पांढऱ्या ढगात तेवढाच फरक हरवून जातो. त्यात आपला डोळा उजेड मोजतो तो प्रमाणात. भर दुपारी मेणबत्ती पेटवली तर कुणाचं लक्ष जात नाही, लोडशेडिंगच्या रात्री काडी ओढली तरी घर उजळतं. पिक्सेल आणि डोळा दोघेही काळोखातच हळवे, म्हणून भाच्याच्या भिंती थरथरल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय तिच्यावर उभे आहेत. लोक मला विचारतात, डोळ्याला 50 हर्ट्झ दिसतात का? बहुतेकांना ओलेडवरचे एकसारखे 50 हर्ट्झ त्रास देत नाहीत. 1950 च्या दशकात द लांगे नावाच्या डच अभियंत्याने डोळ्याला कोणत्या वेगाची लुकलुक सर्वांत जास्त जाणवते ते मोजलं होतं. नेहमीच्या उजेडात ती कुठे दहाच्या आसपास निघते, सेकंदाला दहा वेळा. भाच्याच्या पडद्यावर फ्रेम रेट 44 वरून 120 वर, तिथून 52 वर असा सेकंदाला काही वेळा हेलकावे खात होता. प्रत्येक हेलकाव्याबरोबर सरासरी उजेड हलत होता. म्हणजे डोळा ज्या वेगाला सगळ्यात तीक्ष्ण, नेमक्या त्याच वेगाने. रिफ्रेश आपल्याला दिसत नाही. आपल्याला त्याचा झोका दिसतो. झोका आवरला की लुकलुक जाते.

कंपन्या हे आतल्या आत का दुरुस्त करत नाहीत? मीही बराच काळ याच रागात होतो. ठरावीक रिफ्रेश रेटसाठी पॅनेलची गडद छटांची जुळवणी कारखान्यात करता येते. 60 ला वेगळी, 120 ला वेगळी, 240 ला वेगळी. पण व्हीआरआरमध्ये बादली भरताना पुढची फ्रेम 5 मिलिसेकंदांनी येणार की 20, हे मॉनिटरला ठाऊकच नसतं. खेळाडू दार उघडणार की नाही यावर ते ठरतं. मागच्या फ्रेमवरून अंदाज बांधता येतो, आणि फ्रेम रेट शांत असेल तर अंदाज बरोबर येतो. चुकतो तो नेमका हेलकाव्याच्या वेळी. म्हणून मी भाच्याला म्हणालो, "मॉनिटरला भविष्य विचारू नकोस. तू गेमला शिस्त लाव."

ती शिस्त म्हणजे फ्रेम कॅप, सेकंदाला किती फ्रेम यायच्या त्याची वरची मर्यादा. त्याचा गेम 85 ते 160 मध्ये पळत होता. 160 चा मोह सोडवत नाही, मान्य आहे. पण आम्ही आलेख लावून अर्धा तास खेळून पाहिलं, सर्वांत जड जागी 84-85 च्या खाली जात नव्हता. 82 वर कॅप लावली. फ्रेमटाइमची, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळेची रेघ आधी शेअर बाजाराच्या पडझडीसारखी होती, ती ताणलेल्या दोरीसारखी सरळ झाली, आणि गुहा शांत. कॅप गेममध्येच असेल तर आधी ती वापरा, नसेल तर रिव्हाट्यूनर या प्रोग्रॅममधली किंवा ड्रायव्हरमधली, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली. आकडा निवडताना सरासरी बघू नका, तळ बघा. तळ फारच खाली असेल तर सावल्या, रे-ट्रेसिंग असली ओझी उतरवून तळ वर आणा.

आता खरी गुंतागुंत. व्हीआरआरला खालची मर्यादा असते, बऱ्याच मॉनिटरवर 48 हर्ट्झ. फ्रेम रेट त्याखाली गेला की ड्रायव्हर एकच फ्रेम दोनदा दाखवतो. 46 फ्रेम असतील तर पडदा 92 हर्ट्झला चालतो. युक्ती चांगली आहे, पण तुमचा गेम 45 ते 52 मध्ये घुटमळत असेल तर काय होतं बघा. 50 ला पडदा 50 हर्ट्झवर, 46 ला एकदम 92 वर, परत 50 ला 50 वर. फ्रेम रेट चारने हलला आणि पडदा बेचाळीसने! बादली भरण्यातलं अंतर 20 मिलिसेकंदांवरून 11 वर आणि परत. सगळ्यात ओंगळ लुकलुक मी इथेच पाहिली आहे.

यावर उपाय म्हणजे ती मर्यादाच हलवणं. कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. मॉनिटर संगणकाला आपली जी ओळखपत्रिका देतो, तिच्यातला व्हीआरआरचा पल्ला त्यात बदलता येतो. 48 ते 240 ऐवजी 80 ते 240 केलात, तर 45 फ्रेमना पडदा 90 वर, 55 फ्रेमना 110 वर. मधे उडी नाही, आणि बादलीही लवकर लवकर भरते. पण आंधळेपणाने मोठा आकडा टाकू नका. भाच्याचा मित्र उत्साहाने 100 टाकून बसला. त्याचा गेम 50 च्या आजूबाजूला. 50 दुणे 100, चाललं. 49 दुणे 98, ते मर्यादेखाली, म्हणून ड्रायव्हरने तिप्पट केलं, 147. उडी होती तिथेच राहिली. हे गणित ढोबळ आहे, ड्रायव्हर थोडं इकडेतिकडे करतात. पण आपला गेम जिथे रमतो तिथे उडीची रेघ येऊ नये, एवढं कागदावर मांडून बघा. आणि एखादा बदल पटला नाही आणि पडदा काळा झाला तर घाबरू नका. त्या प्रोग्रॅमसोबत पूर्वस्थितीला आणणारी रीसेटची फाइल येते, ती कुठे ठेवली आहे हे आधी बघून घ्या.

हल्ली काही मॉनिटरच्या मेनूमध्येच अँटी-फ्लिकर किंवा तशाच नावाची सोय असते. तीही बहुतेक वेळा हा पल्लाच आवळते. आधी ती करून बघा, ती पुरली तर बाकीच्या खटपटीत पडू नका. तिच्या बदल्यात फ्रेम रेट पल्ल्याबाहेर गेला की हालचाल थोडी अडखळू शकते. गोष्टीवर चालणाऱ्या, सावकाश खेळायच्या गेमला मी व्हीआरआर सरळ बंद करायला सांगतो. 240 हर्ट्झच्या पडद्यावर 60, 80 किंवा 120 फ्रेमची पक्की कॅप आणि व्ही-सिंक. हे आकडे 240 ला निःशेष भाग देतात, प्रत्येक फ्रेम समान वेळा दिसते, आणि पडद्याचा रेट जागचा हलत नाही. नेमबाजीच्या स्पर्धेत मात्र व्ही-सिंकचा उशीर नडतो. कन्सोलवाल्यांनी 60 ला पक्का बसणारा मोड असेल तर तो घ्यावा. विंडोजवर खिडकीतल्या प्रोग्रॅमसाठी व्हीआरआर सुरू असेल तर ते फक्त फुल स्क्रीनपुरतं ठेवा, नाहीतर मेल वाचताना डेस्कटॉप लुकलुकेल आणि कारण सापडणार नाही.

लोडिंगच्या पडद्याचं काय, असं मागून कुणीतरी विचारलं. तो पूर्ण बरा होत नाही. डिस्कवरून माल येताना फ्रेम रेट कोसळतो, कॅप वरून झाकण घालते, खालून आधार देत नाही. पल्ला आवळल्यावर तो बराच सौम्य होतो, एवढंच प्रामाणिकपणे सांगू शकतो. भाच्याच्या खोलीत आम्ही आणखी एक केलं. मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, बहिणीच्या डोळ्यांवर येणार नाही असा तीन वॅटचा एलईडी बल्ब लावला. भिंतीवर मंद उजेड पसरला की डोळा काळोखाला पूर्ण सरावत नाही आणि उरलीसुरली लुकलुक त्याला टोचत नाही. भाच्याची डोकेदुखी थांबली ती त्या बल्बनंतर. स्टॅबिलायझर आता फ्रिजला लावला आहे.

तुमच्यापैकी जे येत्या महिन्यात मॉनिटर घ्यायला जाणार आहेत त्यांच्यासाठी. दुकानाच्या उजेडात हे कधीच दिसणार नाही, मी तिथे उभा असतो तरी मला दिसलं नसतं. बदलून घ्यायची मुदत किती ते बिल होण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. घरी पहिल्याच रात्री, दिवा मालवून, तुमचा सर्वांत काळोखा गेम लावा, काउंटर सुरू करा, आणि एखादी जुनी सेव्ह फाइल तीन-चारदा लोड करा.