दुर्योधनाची मांडी

श्रोतेहो, नमस्कार.

दुर्योधन म्हटलं की डोळ्यांपुढे द्यूतसभा येते. भर सभेत द्रौपदीला आपली मांडी उघडी करून दाखवणारा माणूस. ती मांडी फोडीन, अशी प्रतिज्ञा भीमाने तिथेच केली आणि पुढे गदायुद्धाचा नियम मोडून ती पुरीही केली. त्यानंतर दुर्योधन मरेपर्यंत जो थोडा वेळ गेला, त्यावर प्राचीन संस्कृत नाटककार भासाने ‘ऊरुभंग’ (ऊरू म्हणजे मांडी) नावाची एकांकिका लिहिली आहे. आज तिच्याविषयी बोलतो. संस्कृत पंडित टी. गणपतिशास्त्रींनी १९१२पासून त्रिवेंद्रमहून भासाची नाटकं छापायला घेतली, तोवर ती बहुतेकांना नावानेच ठाऊक होती.

रणांगणात दुर्योधन पडलाय. धृतराष्ट्र आणि गांधारी त्याला हाका मारत येतात. तो आईबापांच्या पाया पडायला उठू पाहतो आणि कोसळतो. म्हणतो, भीमाने मांड्यांबरोबर माझा नमस्कारही हिरावून नेला. बरोबर त्याचा लहानगा मुलगा आहे, दुर्जय. चालून चालून थकलेलं पोर सवयीने बापाच्या मांडीवर चढायला लागतं. दुर्योधन त्याला अडवतो. कुठेही बस बाळा, पण तुझी ही रोजची जागा आजपासून नाही. का नाही? तुम्ही कुठे निघालात? माझ्या शंभर भावांच्या मागे. मग मलाही न्या ना! दुर्योधन म्हणतो, जा, हे भीमाला सांग.

द्रौपदीला दाखवली तीच ही मांडी. हे वाचताना गलबलून येतं, पण द्यूतसभा एक क्षणही विसरता येत नाही, आणि भासाला तेच हवंय, असं मला वाटतं. खलनायकाचं दुःख दाखवायचं म्हणजे त्याच्या गुन्ह्यात सूट द्यायची, असा आपल्याकडे फार सोपा समज झाला आहे. भासाने एका पैशाचीही सूट दिलेली नाही. उलट गुन्ह्याचा पाढा तो दुर्योधनाच्याच तोंडून वाचून घेतो. अश्वत्थामा संतापून येतो, पांडवांचा सूड घेईन म्हणतो आणि मांड्यांबरोबर तुझा मानही मोडला, असं राजालाच ऐकवतो. त्यावर दुर्योधनाचं उत्तर असं: द्रौपदीला केसांना धरून आपण ओढलं, अभिमन्यू पोर असताना त्याला मारलं, कपटाच्या फाशांनी पांडवांना रानात धाडलं. त्या मानाने त्यांनी माझं केलं ते थोडंच.

मुलाला तो सांगतो, पांडवांची सेवा माझीच समजून कर, द्रौपदीला आईसारखं मान. आणि तरीही अश्वत्थामा त्याच दुर्जयाला राजा म्हणून घोषित करतो, तेव्हा मनातलं झालं म्हणून त्याला समाधान वाटतं! पश्चात्ताप खरा आणि राज्याची ओढही खरी. मला हा दुर्योधन पटतो तो इथेच. मरणाच्या दारात माणूस एकदम धुतल्या तांदळासारखा झाला असता, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

प्राण जाताना त्याला पूर्वज दिसतात, कर्ण दिसतो, भाऊ दिसतात. ऐरावतावर इंद्राचा हात धरून बसलेला अभिमन्यूही दिसतो, आणि तो रागाने काहीतरी बोलतोय. भासाने त्याचा राग शमवलेला नाही, दुर्योधनाच्या तोंडी त्यावर उत्तरही दिलेलं नाही.

नाटक छोटं आहे, एका बैठकीत संपतं. संस्कृत येत नसेल तर अनुवाद वाचा, पण जमलं तर घरात मोठ्याने वाचा.

नमस्कार.