वाघाच्या गावात बेडकाची बाजू

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पर्जन्यवनातले छोटे जीव आणि छायाचित्रकाराचा धीर’. इथे नागपुरात कॅमेरे घेऊन आलेल्यांची कार्डं तपासली तर बहुतेकांत ताडोबा नाही तर पेंच निघेल. त्यात वावगं काहीच नाही. दाराशी वाघ असताना बेडूक बघायला राज्याच्या दुसऱ्या टोकाला कोण जाईल? मी जातो. आपल्याकडे वर्षाला १,०००-१,१०० मिलिमीटर पाऊस, आंबोलीत ७,००० च्या आसपास. आणि वाघाचे पट्टेच हवे असतील, तर तिथल्या कातळसड्यावर, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारावर, पट्टेवाला भेकही (टोड) आहे. २००९ मध्ये ज्या प्रजातीत त्याला बसवलं, तिचं नाव झॅन्थोफ्रायनी. तो अतिसंकटग्रस्त आहे. सड्यावरच्या उथळ डबक्यात तो अंडी घालतो, आणि त्याच डबक्यात आपण ट्रायपॉड रोवतो.

पाणवठ्यावर तासन्‌तास बसणारे लोक या सभागृहात आहेत, त्यांना धीर मी काय शिकवणार? पण जंगल सफारीत तुम्हाला जिप्सी अडवते, गाईड अडवतो, वनखात्याचे नियम अडवतात. बेडकापाशी अडवणारं कोणी नसतं. तो हातभर अंतरावर असतो, बरेचदा पळतही नाही. तिथे धीर म्हणजे हात आवरणं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आता जे सांगतो ते जरा लांबेल, पण ते सांगायलाच मी आलोय. मलबारी उडत्या बेडकाची जोडी भर पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या फांदीवर येते. मादी अंगातून द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळून पांढरा फेस काढते. त्यात अंडी. वरचा थर सुकतो, आत ओल राहते. काही दिवसांनी फेस विरघळतो आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. म्हणजे फांदीखाली पाणी असणं हीच त्या घरट्याची सगळी हमी.

एका रात्री मी असं एक घरटं बघत उभा होतो. मागून एक कार्यशाळा आली, पुढे त्यांचा म्होरक्या. फांदी उंच, रुंद भिंगात बसेना. त्यानं ती खाली ओढली आणि सुतळीनं बाजूच्या खोडाला बांधली. छान डोळ्यांच्या उंचीवर आली. मग एकेकानं आपापला नंबर लावून फोटो काढले आणि मंडळी जेवायला गेली. सुतळी तशीच! घरटं आता पायवाटेवर लोंबत होतं. अहो बाप्पा, पिल्लं मातीत पडली असती ना! मी सुतळी सोडली, फांदी पाण्यावर परत आली, तेव्हा ते घरटं वाचलं. पण अशा सुतळ्या किती फांद्यांना असतील? त्या रात्रीचे फोटो लोकांनी वाखाणले असतील, आणि एकाही फोटोत सुतळी दिसत नसेल. मला राग येतो तो याचाच.

दुसरी खोड बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवायची. बेडूक कातडीतून पाणी घेतो, काही श्वासही घेतो. आणि आपल्या हाताला डासांचं मलम, जळवांसाठी चोळलेली तंबाखू. ते सगळं त्याच्या अंगात जातं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत म्हणे. तंत्राचं कबूल केलं होतं, ते आता भराभर घेतो.

मॅक्रो भिंगानं जीव आहे तेवढाच सेन्सरवर उतरवला, एकास एक, तर भिंगाचं छिद्र एफ ८ ला ठेवून फोकसची खोली जेमतेम एक मिलिमीटर मिळते. बेडकाचा गळा सतत हलत असतो. म्हणून कॅमेरा त्याच्या अंगाला समांतर धरा, डोळ्यावर फोकस ठेवा आणि गळ्याची लय ओळखून बटण दाबा. अनेक फोकसचे फोटो जोडायचे असतील तर जीव पूर्ण थांबलेला हवा. त्याला थांबवायचं नाही, तोच थांबेपर्यंत बघायचं.

ओल्या कातडीवर उघडा फ्लॅश मारलात तर पांढरे डाग पडतात, प्रकाश पसरवणारा डिफ्यूझर लावाच. सरावाला चापडा उत्तम. दबा धरून शिकार करणारा साप, एका जागी बराच वेळ राहतो. हिरवा असतो, तपकिरी असतो, नागपूरकरांसाठी संत्र्याच्या रंगाचाही असतो. विषारी आहे, अंतर सोडू नका. आधी कॅमेरा पिशवीतच ठेवून बघा, तो कुठे तोंड करून बसलाय, भक्ष्य कुठून येईल. मगच जागा निवडा.

आणि आंबोलीला जाणं जमत नसेल, तर न्हाणीघराच्या भिंतीला चिकटणारा आपला तपकिरी झाडबेडूकही असाच फेस काढतो, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर. शेजारीपाजारी कोणाची टाकी उघडी आहे ते पावसाआधी विचारून ठेवा, आणि घरटं दिसलं की टाकी धुणाऱ्याला काही दिवस थांबायला सांगा.